साडूच्या भिंतीतले पिंगळे

दोन जावयांचं सासऱ्यांवरून बिनसलं म्हटलं की लोकांना वाटतं, म्हातारा दोघांनाही नकोसा झाला असेल. इथे सगळं उलटं होतं. म्हातारा दोघांनाही हवा होता. धाकट्याला तो हवा होता तो चारचौघांना हवा असतो तितकाच. थोरल्याला मात्र तो इतका हवा होता की सांगायची लाज वाटावी, आणि म्हणूनच त्याने ते कधी कोणाला सांगितलं नाही.

थोरला नगरपालिकेत वायरमन होता. रस्त्यावरचे दिवे त्याच्या ताब्यात. धाकट्याचं फर्निचरचं शोरूम होतं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आणि घरं एकाच गल्लीच्या दोन टोकांना. सासऱ्यांनी जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं होतं. बायको गेल्यावर त्यांनी दुकान विकलं, एक बॅग, एक काठी आणि एक घडीची खुर्ची घेतली आणि ते थोरल्या लेकीकडे राहायला आले.

वायरमनचे वडील तो कळता व्हायच्या आधीच गेले होते. 'बाबा' हा शब्द त्याच्या तोंडी लग्नानंतर आला, तोही चाचरत. पुढे मात्र तो असा रुळला की उठता बसता बाबा. बाबा न्हाले का, बाबांचा चहा झाला का, बाबांना पंखा लागतोय का. बायको म्हणायची, "अहो, वडील माझे आहेत हे मला अधूनमधून आठवावं लागतं."

बाबा त्याला 'अरे' म्हणत. जावयाला कोणी अरे-तुरे करत नाही, पण चष्मेवाल्यांनी पहिल्याच भेटीत "अरे, जेवलास का?" असं विचारलं होतं आणि वायरमनला ते मानपानापेक्षा गोड लागलं होतं. धाकट्याला ते 'जावईबापू' म्हणत, अहो-जाहो करत. वायरमनने हा फरक लग्नाच्या मांडवातच टिपला होता आणि जपून ठेवला होता.

त्यात वायरमनला आणि बाबांना पिंगळे मिळाले. वायरमनच्या घराच्या बाजूच्या भिंतीत, छपराच्या जरा खाली, जुना पाइप काढल्यावर राहिलेलं एक भोक होतं आणि त्यात पिंगळ्यांची एक जोडी राहत होती. घुबडांच्या जातीतला, पण मुठीएवढा पक्षी. राखी-तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, वाटोळं डोकं आणि एखाद्याने उधार बुडवल्यासारखी रोखलेली पिवळी नजर. इतर घुबडं माणसांपासून लांब पळतात, हा मात्र माणसाच्याच वळचणीला येऊन राहतो. दिवसाही भोकाच्या तोंडाशी ऊन खात बसतो, चिमण्यांच्या शिव्या खातो आणि संध्याकाळी दिवे लागले की कामाला निघतो.

बाबा संध्याकाळी घडीची खुर्ची अंगणात मांडत. वायरमन कामावरून आला की पायरीवर बसे. आणि मग बाबा सांगत.

"आपण नुसते डोळे फिरवतो. याचे डोळे खोबणीत पक्के बसवलेत. फ्रेम फिरवल्याशिवाय काच फिरणार नाही. म्हणून तो सगळी मान फिरवतो."

"आणि हा खाली-वर डोलतोय तो?"

"अंतर मोजतोय. एकदा खालून बघायचं, एकदा वरून, एकदा बाजूने. किडा किती लांब आहे ते कळलं की झडप. अरे, माझ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं असंच करायची आणि म्हणायची, आम्हाला चष्मा लागलेला नाही."

दोघंही खूप हसत. नर कोणता, मादी कोणती हे बाबांनाही ओळखता येत नसे. दोघं सारखीच दिसतात. वर्षभर एकत्र राहतात, एकमेकांच्या डोक्यावरची पिसं चोचीने विंचरतात आणि दिवेलागणीला दोन शेजारणी नळावर भांडाव्यात तशी चिरक्या आवाजात कलकलतात. खाल्लेल्या किड्यांचे पंख, उंदराची हाडं, केस यांची गोळी करून ते तोंडाने बाहेर टाकतात. बायको रोज सकाळी भिंतीखालच्या गोळ्या झाडायची आणि नाक मुरडायची. "घुबडंच ती शेवटी," ती म्हणायची. वायरमनला त्या गोळ्यासुद्धा प्रिय होत्या. कारण बाबा चिमट्याने त्या सोडवत आणि त्याला जवळ बोलावून दाखवत.

मग एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "हल्ली अंधार पडला की नीटसं दिसत नाही रे."

वायरमनला रात्रभर चैन पडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने शिडी लावली आणि भोकाच्या बाजूला एक छोटासा बल्ब बसवला. उजेड सौम्य, वायर भिंतीच्या रंगाची, काम एकदम चोख. बाबांनी त्याला अडवलं नाही, कारण त्यांना हे तो कामावर निघून गेल्यावर कळलं. संध्याकाळी बल्ब पेटला. पिंगळे भोकाबाहेर आले, दोघांनी खाली-वर डोलून त्या बल्बचं अंतर मोजलं आणि तारेवर जाऊन बसले. दोन-चार दिवसांत ते दिसेनासे झाले. भोकात साळुंक्यांनी काड्या भरल्या.

"साळुंक्यांनी हुसकलं असेल," वायरमन म्हणाला.

"असेल," बाबा म्हणाले. वायरमनने बल्ब गुपचूप काढून टाकला.

आता पिंगळ्यांनी जावं तरी कुठे? जगात एवढ्या भिंती आहेत. धाकट्याच्या घराच्या अंगणाकडच्या भिंतीतली एक वीट कधीपासून निखळलेली होती. लोकांची घरं सजवून देणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरात एक वीट बसवायला सवड नव्हती. पिंगळ्यांना नीटनेटकेपणाचं वावडं असतं. त्यांना असली आळशी भिंत फार आवडते. ते तिथे राहायला गेले.

धाकट्याला कबुतर आणि कोंबडी यांतला फरक सांगता आला असता, पण त्यापुढे त्याची गाडी गेली नसती. तो फोन करून म्हणाला, "बाबा, तुमची ती घुबडं आमच्याकडे आलीत. खूप ओरडतात हो. काय करायचं त्यांचं?"

"काही करू नका जावईबापू," बाबा म्हणाले. "कशाला हात लावू नका. मी येतो."

आणि ते गेले. आधी संध्याकाळपुरते. मग एक दिवस बाबांनी बॅग भरली. "धाकटीकडे राहतो थोडे दिवस. भोक बसल्या जागी दिसेल अशा उंचीवर आहे, अंगणातून सगळं समोर दिसतं. अंडी घातलीत असं वाटतंय. एकजण आत बसतो आणि दुसरा आणून देतो."

"जा की," वायरमन म्हणाला. त्याने स्वतःच बॅग उचलून पोचवली. घडीची खुर्चीही नेली. परत येताना त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते औषधाने थांबणारं नव्हतं.

त्याच्या संध्याकाळी रिकाम्या झाल्या. पायरीवर बसलं तर समोर खुर्ची नाही, भिंतीकडे पाहिलं तर साळुंक्या. तो रोज काही ना काही निमित्त काढून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जायचा. कधी भाजी द्यायला, कधी बाबांची विसरलेली बंडी द्यायला. तिथे धाकटा बाबांच्या शेजारी स्टूल टाकून बसलेला असायचा. शोरूम नोकरांवर सोडून. आणि प्रश्न विचारायचा. अगदी बावळट प्रश्न. हे रात्री झोपत नाहीत का? यांना कान असतात का? आणि बाबा कौतुकाने उत्तरं द्यायचे. तीच उत्तरं. खोबणी, फ्रेम, काच. फ्रेम फिरवल्याशिवाय काच फिरत नाही हे वाक्य वायरमनला स्वतःचं वाटत होतं. ते साडूला फुकट मिळालेलं पाहून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

एकदा तो फाटकाशी पोचला तेव्हा आतून बाबांचा आवाज आला. "अरे हळू, हलू नकोस. बघ, बघ, पाल आणली त्याने."

अरे. हलू नकोस.

वायरमन फाटकाची कडी धरून तिथेच उभा राहिला. मग आत न जाता परत फिरला. आणलेली केळी त्याने वाटेत एका गायीला घातली.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला अरे-तुरे करायला लागलेत."

"मग? मुलासारखाच आहे तो त्यांना."

बायको हे सहज बोलून गेली आणि कुकर लावायला आत गेली. तिला कल्पनाही नव्हती की तिने काय केलं.

आता वायरमनच्या डोक्यात जे आलं ते फक्त वायरमनच्याच डोक्यात येऊ शकतं. दुसरा कोणी असता तर भांडला असता, नाहीतर रुसला असता. याने हिशेब मांडला. पिंगळा दिव्याखाली शिकार करतो. दिव्यावर किडे येतात म्हणून तिथे पिंगळा येतो. धाकट्याच्या फाटकासमोरच खांब होता आणि त्यावर जुन्या पद्धतीचा मोठा दिवा होता. त्याच्याभोवती संध्याकाळी किड्यांचा नुसता पिसारा फुलायचा. दिवा नाही तर किडे नाहीत, किडे नाहीत तर पिंगळे नाहीत आणि पिंगळे नाहीत तर बाबांना तिथे राहायचं कारण नाही. त्याच्या स्वतःच्या घरासमोरचा दिवा मात्र चालू होता. पिंगळे येतील तर इकडेच येतील.

एका दुपारी त्याने साडूच्या खांबाला शिडी लावली आणि दिवा उतरवला. धाकटा बाहेर आला आणि त्याने आपणहून शिडी धरली.

"बिघडलाय का दादा?"

"हो. नवीन माल आला की लावतो."

"सावकाश. घाई नाही," धाकटा म्हणाला. "तुम्ही घरचे आहात म्हणून काळजी नाही."

घरचे. वायरमनने दिवा फडक्यात गुंडाळून कार्यालयातल्या कपाटात ठेवला. दिव्याला काहीही झालेलं नव्हतं.

त्याचा हिशेब अर्धा बरोबर निघाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या घरासमोरच्या तारेवर एक पिंगळा येऊन बसला. वायरमन पायरीवरून उठून उभा राहिला. पिंगळ्याने मान वाकडी केली, दोनदा डोलला, खाली झेपावला, पायांत एक जाडजूड पतंग पकडला आणि तो घेऊन गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उडून गेला. थोड्या वेळाने दुसरा आला. त्यानेही तेच केलं. मग पुन्हा पहिला.

भिंतीत पिलं होती. हे वायरमनला माहीत नव्हतं, कारण केळ्यांच्या दिवसापासून त्याने तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. पिलं असताना पिंगळा जागा सोडत नाही. फक्त जास्त लांब जातो. आता ती दोन एवढीशी पाखरं त्याच्या दिव्याखालचे किडे उचलून साडूच्या घरी पोचती करत होती. त्याच्या उजेडावर साडूच्या भिंतीतला संसार चालला होता. वायरमन दात-ओठ खात बघत राहिला. आणि तरी रोज बघत राहिला, कारण दुसरं बघायला काय होतं?

बाबांनी एक-दोनदा निरोप पाठवला, येत का नाहीस म्हणून. कामात आहे, असं त्याने कळवलं. आपण रुसलोय हे त्यांना कळावं आणि त्यांनी समजूत घालायला यावं, असं त्याला फार वाटत होतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला असं वाटणं शोभत नाही, पण वाटत होतं.

त्या संध्याकाळी अंधारून आलं होतं. पिंगळे दोन-तीन फेऱ्या करून गेले होते. वायरमन पायरीवर बसला होता आणि त्याला लांबून काठीचा आवाज आला. टक, टक. गल्लीचं ते टोक काळंकुट्ट होतं, काही दिसत नव्हतं, पण तो आवाज त्याने हजार आवाजांतून ओळखला असता. बाबा येत होते. एकटे, आणि इकडेच. वायरमन अर्धवट उठला आणि पुन्हा खाली बसला. त्याने ठरवलं, आपण उठायचं नाही. त्यांना दारापर्यंत येऊ द्यायचं. बघू देत, आपण कसे बसलोय ते.

आवाज जवळ येत होता. मग थांबला. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि काठी दगडावरून घरंगळत गेली.

तो धावला. गटाराच्या झाकणापाशी बाबा कुशीवर पडलेले होते. धाकटाही बॅटरी घेऊन फाटकातून धावत आला. दोघांनी मिळून त्यांना उठवून बसवलं. मनगट विचित्र वळलं होतं. बाबा विव्हळत होते, पण वायरमनचा चेहरा बॅटरीच्या उजेडात दिसताच म्हणाले, "पिलं बाहेर आलीत रे. तीन आहेत. भिंतीवर ओळीने बसलीत. तुला बोलवायला निघालो होतो. तुझ्याशिवाय कसं बघायचं?"

वायरमनने त्यांना उचललं.

दवाखान्यात प्लॅस्टर घातलं. बाहेर बाकावर दोघे साडू शेजारी शेजारी बसले होते. धाकट्याने डोळे पुसले.

"चूक माझी आहे दादा," तो म्हणाला. "ते म्हणाले, मी त्याला घेऊन येतो. मी म्हटलं, फोन करू या. तर म्हणाले, फोनवर तो येणार नाही, रागावलाय, मीच जातो. मी सोबत जायला हवं होतं. पण ते म्हणाले, हे आमच्या दोघांचं आहे. मग मी थांबलो."



"तुमच्याबद्दल किती बोलतात ते," धाकटा पुढे म्हणाला. "खरं सांगू? मला पिंगळ्यांमधलं काही कळत नाही. तुमच्यासारखं एकदा त्यांनी मला अरे म्हणावं म्हणून बसायचो मी तिथे."

हे ऐकून वायरमनला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि गटारात ढकलावंसंही वाटलं. त्याने दोन्ही केलं नाही. "दिवा उद्या लावतो," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने कपाटातून फडकं काढलं आणि तो दिवा लावला. या वेळीही धाकट्याने शिडी धरली. "माल आला वाटतं," तो म्हणाला. वायरमन म्हणाला, "हो."

बाबांना धाकट्याने आपणहून पुन्हा थोरल्याकडे पाठवलं. "ताई दिवसभर घरात असते, आमची ही कामावर जाते," असं त्याने सांगितलं. बाबाही म्हणाले, "बरं झालं, मलाही तिकडेच बरं वाटतं." वायरमनला जे हवं होतं ते त्याच्या घरात, त्याच्या पलंगावर, प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून येऊन बसलं. तो त्यांचा भात कालवायचा, बटणं लावून द्यायचा. बाबा त्याला पूर्वीसारखंच अरे म्हणायचे. आणि प्रत्येक वेळी त्याची नजर खाली जायची.

पिलं अजून नीट उडत नव्हती. ती भिंतीवर बसून आईबापांकडे खाऊ मागत, आणि बाबांना ते रोज बघायचं होतं. म्हणून रोज संध्याकाळी वायरमन त्यांना दंडाला धरून साडूच्या अंगणात नेऊ लागला. पहिल्याच दिवशी खांबापाशी आल्यावर बाबा थांबले. दिवा नुकताच लागला होता. त्याच्याभोवती किडे जमले होते आणि तारेवर एक पिंगळा मान वाकडी करून बसला होता.

बाबांनी मान वर करून दिव्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. जन्मभर काचा पारखलेला माणूस. दिवा तोच होता, एका बाजूला थोडा काळवंडलेला, वर्षानुवर्षं तिथेच असलेला.

"त्या दिवशी हा गेला होता, नाही का?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

"गेला असेल," बाबा म्हणाले. "जुना झालाय." मग चांगला हात त्याच्या दंडावर घट्ट ठेवून म्हणाले, "चल. पिलं वाट बघत नाहीत."

अंगणात धाकट्याने तीन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. बाबा मधल्या खुर्चीवर बसले. भिंतीवर तिन्ही पिलं कापसाच्या बोंडांसारखी फुगून बसली होती आणि तिन्ही माना एकदम खाली-वर होत होत्या. धाकट्याने विचारलं, "बाबा, ही आपल्याकडे बघून का डोलतात हो?"

"अंतर मोजतायत रे," बाबा म्हणाले, आणि त्याच्याकडे वळून हसले. धाकटाही हसला. त्याने बाबांच्या डोळ्यांत सरळ बघून, काही न लपवता, लहान मुलासारखं हसून दाखवलं. वायरमन पिलांकडे बघत बसला. साडूचा त्याने आजवर पुष्कळ हेवा केला होता, पण इतका कधीच केला नव्हता.